बारा वर्षांच्या संगणकाची जागा भरताना

आमच्या घरातील संगणक २०१३ साली परभणीतच घेतला होता. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर असा तो जुळवून घेतलेला, म्हणजे बाजारात ज्याला असेंबल्ड म्हणतात तसा संच होता. त्यावर माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तयार झाल्या, शालार्थ (शिक्षकांचे वेतन) आणि यू-डायस (शाळांची आकडेवारी) या सरकारी पोर्टलांवर माहिती भरली गेली, मुलाने लहानपणी रंगीत चित्रे काढली, आणि माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातील बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, नोंदी गावोगावी फिरून गोळा केल्या व त्यावरच टंकलिखित केल्या. वालूरच्या चक्राकार बारवेपासून ते आज बुजून गेलेल्या, केवळ म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात उरलेल्या बारवांपर्यंत सारे त्या एका हार्ड डिस्कवर होते, आणि म्हणूनच संगणक बदलण्याचा विषय आमच्याकडे केवळ खरेदीचा नव्हता.

गेल्या उन्हाळ्यापासून तो इतका मंदावला होता की सकाळी बटण दाबून मी स्वयंपाकघरात जाई आणि सगळ्यांचा चहा करून, गाळून परत येई, तेव्हा कुठे पडद्यावरची चिन्हे दिसू लागत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्या आठवड्यांत वीज वारंवार जात-येत राहिली, आणि एके दिवशी संगणक सुरू झाला तो तारीख १ जानेवारी २०१२ दाखवत. त्यानंतर बँकेचे संकेतस्थळ उघडेना, शाळेचे पोर्टल उघडेना. प्रत्येक ठिकाणी जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना येई. दुकानदाराने फोनवर ऐकूनच सांगितले, “मॅडम, आता त्यात पैसे घालू नका, नवा घ्या.” त्याचा सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पण टेबलाशेजारच्या त्या लोखंडी पेटीत वेगवेगळ्या आयुष्याचे दहा-बारा भाग असतात आणि ते सगळे एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. नेमका कोणता भाग थकला आहे हे कळल्याशिवाय नव्यात काय हवे हेही कळणार नाही, असे मला वाटले, आणि म्हणून खरेदीआधी मी तो उघडून पाहायचे ठरवले.

तारखेचा दोष सर्वांत क्षुल्लक निघाला. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा, सीआर-२०३२ क्रमांकाचा, ३ व्होल्टचा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की संगणक स्वतःच्या मूळ तारखेवर जातो, आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीपुरतीच वैध असल्यामुळे २०१२ मध्ये जगणाऱ्या संगणकाला २०२५ चे प्रमाणपत्र खोटे वाटते. घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बसवला आणि बँक उघडली.

मंदपणाचे कारण मात्र हार्ड डिस्कमध्ये होते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर दहा-दहा मिनिटे १०० टक्क्यांवर चिकटून राहत होता, तर प्रोसेसर बहुतेक वेळ मोकळा होता. हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात आणि माहिती वाचणारा दांडा एका जागेवरून दुसरीकडे जायला दर वेळी काही मिलिसेकंद घेतो. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या ठिकाणांहून उचलाव्या लागत असल्यामुळे हे मिलिसेकंद साचत जाऊन मिनिटे होतात. त्यातच डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या एका मोफत प्रोग्रॅमने पिवळी खूण दाखवली, कारण काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे कप्पे, निकामी होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले जाऊ लागले होते. ती खूण पाहिल्यावर मी बाकीचे सारे बाजूला ठेवले आणि अण्णांच्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी काढल्या. ज्यांचा संगणक असा मंदावला आहे त्यांनी कोटेशन मागवण्याआधी हे एक काम करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आतून कॅबिनेटची अवस्था वाईट होती. आमच्याकडची काळी माती वाळली की तिची धूळ पिठासारखी होते. प्रोसेसरवरच्या पंख्याखालील पट्ट्यांमध्ये तिचे नमद्यासारखे थर बसले होते, आणि प्रोसेसर व धातूचा तो ठोकळा यांच्यामधील लेप सुकून खडूसारखा झाला होता. एसएमपीएसच्या, म्हणजे घरची वीज संगणकाला योग्य रूपात पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून टॉर्च लावून पाहिले तेव्हा दोन कपॅसिटरांची (वीज क्षणभर साठवणाऱ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली दिसली. या कपॅसिटरांत द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश आणि खोलीत ३८-३९ अंश असताना भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंद पेटीत ते बारा वर्षे टिकले, हेच पुष्कळ झाले.

एका सहकारी शिक्षकांकडून जुनी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क, उसनी आणून लावली, तेव्हा तोच संगणक मिनिटाभरात सुरू होऊ लागला. एच-६१ मदरबोर्डवरील साटा जोडणी, म्हणजे डिस्क जिथे लावतात ती जागा, सेकंदाला ३ गिगाबिटांचीच असल्यामुळे एसएसडी तिच्या निम्म्या वेगानेच चालत होती, तरीही फरक डोळ्यांना दिसण्याजोगा होता. एसएसडी, नवा एसएमपीएस आणि ८ जीबी रॅम एवढ्यावर थांबून आणखी तीन-चार वर्षे काढावीत असे मला मनापासून वाटत होते, आणि ज्यांचा संगणक २०१८ नंतरचा आहे त्यांनी याच मार्गाचा आधी विचार करावा. आमच्या बाबतीत अडचण विंडोजची होती. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मोफत मिळणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत मिळाली तरी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि आमचा तिसऱ्या पिढीचा. ही अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे लोक आहेत, परंतु ज्या यंत्रावर घराचे बँक व्यवहार होतात त्यावर पुढचे अपडेट येतील की नाही याची शाश्वती नसलेली व्यवस्था मला नको होती.

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली, मी आठवडाभर चालवून पाहिले. ते जुन्या यंत्रावरही सफाईने चालते, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात विनासायास मिळतो आणि ब्राउझरमधली सगळी कामे होतात. शाळेतून येणाऱ्या वर्ड आणि एक्सेलच्या फायलींची मांडणी मात्र अधूनमधून बिघडत होती, आणि पन्नास जणांकडून फिरून आलेला तक्ता आपल्याकडून बिघडून पुढे जाणे मला परवडणारे नव्हते. केवळ ब्राउझर वापरणाऱ्या घराला मी मिंटच सुचवीन.

नवा घ्यायचा तर कोणत्या रूपात, यावर घरात बरीच चर्चा झाली. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस (वीज गेल्यावर संगणक काही वेळ चालू ठेवणारी पेटी), आणि भारनियमनाच्या प्रदेशात हा गुण मोठा आहे. पण आमचा संगणक तीन माणसे वापरतात, अण्णा एका बैठकीत दोन-दोन तास टंकन करतात, आणि मान खाली घालून लहान पडद्याकडे पाहणे त्यांना जमणारे नाही. शिवाय मुलगा अकरावीला आहे. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा संगणकावर, माऊसने उत्तरे निवडून द्याव्या लागतात, तेव्हा सरावही तशाच मांडणीवर झालेला बरा. पडद्यामागेच सारे काही असलेला ऑल-इन-वन संच देखणा असतो, परंतु त्यातला एक भाग बिघडला की अख्खा संच उचलून न्यावा लागतो, आणि आमच्यासाठी पुष्कळ कंपन्यांचे सेवा केंद्र म्हणजे छत्रपती संभाजीनगर, रेल्वेने तीन-चार तासांचा प्रवास. ॲपलचा एम-४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला तेव्हा तो गुणांच्या मानाने स्वस्तच होता, आणि त्याचा विजेचा वापर फार कमी आहे. पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि परभणीत तो उघडून दुरुस्त करणारे मला कोणी आढळले नाही. इंटेल एन-१०० प्रोसेसरचे तळहाताएवढे मिनी पीसी सहा वॉटच्या प्रोसेसरवर चालतात. केवळ बिले भरणे, पत्रे लिहिणे आणि व्हिडिओ पाहणे एवढेच काम असेल आणि घरचा इन्व्हर्टर लहान असेल, तर ते उत्तम आहेत.

कार्यालयांतून निघालेले, तपासून पुन्हा विकले जाणारे आठव्या-नवव्या पिढीचे संच मला सर्वाधिक मोहवत होते. सहा कोअरचा आय-५ निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. मी थांबले ते दोन कारणांनी. या नामांकित कंपन्यांच्या अनेक कार्यालयीन संचांत एसएमपीएस आणि मदरबोर्डची जोडणी त्या-त्या कंपनीच्या खास पद्धतीची असते, त्यामुळे बाजारातला सर्वसाधारण एसएमपीएस त्यांना बसत नाही. आणि आमच्या वीजपुरवठ्यात सगळ्यांत आधी जळणारा भाग म्हणजे एसएमपीएसच.

विजेबद्दल मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण कोणत्याही कोटेशनमध्ये तिला ओळ नसते. आमच्या जुन्या कॅबिनेटला अनवाणी उभे राहून हात लावला की बारीक झिणझिण्या येत, आणि बारा वर्षे आम्ही ते जुन्या यंत्राचे लक्षण समजत होतो. वायरमन भाऊंनी सॉकेटची तिसरी पिन मीटर लावून तपासली, तेव्हा कळले की अर्थिंग जवळजवळ नाहीच. एसएमपीएसच्या आरंभी विजेतील खरखर गाळणारे लहान कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना कॅबिनेटच्या धातूशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो, नसेल तर तो अख्ख्या पेटीवर साचून राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. आमच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, त्यात प्लेटही होती. पण काळी माती उन्हाळ्यात वाळून आक्रसते, तिला हात-हातभर भेगा पडतात आणि प्लेटचा मातीशी संपर्कच सुटतो. खड्डा उकरून, गंजलेली तार बदलून, कोळसा आणि मीठ पुन्हा भरून, आणि चैत्र-वैशाखात दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतण्याचा नेम धरून आता झिणझिण्या पूर्ण थांबल्या आहेत. हे काम मी नव्या संगणकाच्या पहिल्या रुपयाआधी केले.

एसएमपीएस निवडतानाही मी हट्ट धरला. दुकानदार कॅबिनेटबरोबर जो देतात त्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण तो खरोखर तेवढी शक्ती सलगपणे देईल याची हमी त्या छापाला नसते. म्हणून ८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला वेगळा एसएमपीएस घेतला. आमचा नवा संच मॉनिटरसह १०० वॉटांच्या आतच राहतो, तेव्हा मोठ्या आकड्याची गरज नव्हती, प्रामाणिक आकड्याची होती. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो, पण त्यातील १२ व्होल्टची शिशाची बॅटरी उष्णतेने लवकर मरते आणि आमच्याकडे ती दोन वर्षांपलीकडे गेलेली नाही. तिचा खर्च दर दोन वर्षांनी धरूनच ठेवावा. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस न लावता संगणक चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना हे पाहावे, कारण वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम पंधरा-वीस मिलिसेकंद दम धरतो आणि साध्या मोडमधला बदल त्याहून सावकाश होतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढण्याची सवय पुष्कळांना असते. राउटरकडून येणारी लॅनची तारही काढावी, कारण फायबरमधून वीज येत नसली तरी राउटरच्या अडॅप्टरमधून ती त्या तारेत येऊ शकते.

प्रत्यक्ष निवड त्यामानाने सोपी होती. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-३, १२१०० हा प्रोसेसर २०२२ च्या आरंभी आला. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि आमच्या कामांत तो क्वचितच निम्मा वापरला जातो. आकड्यापुढे एफ अक्षर असलेला थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात पडद्यासाठीची ग्राफिक्सची सोय नसते व वेगळे कार्ड घ्यावेच लागते, हे पाहून घ्यावे. एएमडीचा रायझन ५, ५६००जी हाही तितकाच योग्य पर्याय होता. मदरबोर्ड स्थानिक दुकानात हाताशी होता म्हणून मी इंटेलकडे वळले. मुलाने ग्राफिक्स कार्डाचा विषय काढला होता, तो बारावीनंतर पाहू असे ठरले.

रॅमने मात्र अंदाजपत्रक बिघडवले. दसऱ्याच्या सुमारास घेतलेल्या कोटेशनमध्ये १६ जीबी डीडीआर-४ रॅमला जी रक्कम होती, ती मार्गशीर्षात दुपटीच्या पुढे गेली होती. मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळवल्यामुळे जगभर ही टंचाई झाली, आणि तिची झळ स्टेशन रोडवरच्या ग्राहकापर्यंत आली. मी ८ जीबीवर येण्याचा विचार केला होता, परंतु विंडोज ११ आणि ब्राउझरच्या दहा-पंधरा खिडक्या एवढ्यातच ८ जीबी भरून जाते. शेवटी १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवला. दोन पट्ट्या एकत्र लावल्या असत्या तर ग्राफिक्सचा वेग थोडा वाढला असता, पण भाव उतरल्यावर भर घालता यावी हे मला अधिक मोलाचे वाटले. साठवणुकीसाठी मदरबोर्डवरच बसणारी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली. प्रत्येक भागाचा क्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल घेतले आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घेतला, कारण तीन वर्षांची हमी खोक्यातल्या प्रोसेसरला मिळते.

सर्वाधिक समाधान दिले ते नव्या मॉनिटरने. जुन्या पडद्यावर १,३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके होते. नव्या २२ इंची पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक आहेत. इंग्रजीपेक्षा देवनागरीला हा फरक जास्त जाणवतो, कारण आपल्या एका अक्षरावर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षराची गाठ असा तीन मजली पसारा असतो, आणि ठिपके कमी पडले की ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसू लागतात. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्याजवळ वाकून, मग खुर्ची मागे सरकवून पाहिले आणि म्हणाले, “सूनबाई, आता चष्मा न पुसता वाचता येतंय.”

राहिला प्रश्न त्यांच्या फायलींचा, आणि याचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यांनी हे टंकन नव्वदच्या दशकातील एका मराठी अक्षरजुळणी सॉफ्टवेअरमध्ये केले आहे. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरी होती, तरी आपल्याकडची छपाई पुढे कितीतरी वर्षे अशा फॉन्टांवर चालली, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. त्यातही अण्णांचे सॉफ्टवेअर १६ बिटांचे आहे, आणि ते प्रिंटरच्या जुन्या, २५ पिनांच्या पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची खात्री पटवणाऱ्या छोट्या उपकरणाशिवाय, सुरू होत नाही. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट नाही, आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नसल्यामुळे १६ बिटांचा प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाही. जुना संगणक ३२ बिटांच्या विंडोजवर होता म्हणून इतकी वर्षे निभावले.

म्हणून तो विकला नाही. त्यात नवा एसएमपीएस आणि एक लहान एसएसडी घातली, नवा लेप लावला, इंटरनेटची तार कायमची काढून टाकली, आणि तो अण्णांच्या खोलीत हलवला. जाळ्यापासून तुटलेला असल्यामुळे विंडोज १० चा आधार संपल्याची त्याला झळ नाही. तिथून फायली पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर येतात आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये जातात. हे रूपांतर एका झटक्यात नीट होत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले, जसे ‘पूर्तिवर्ष’ किंवा ‘कीर्ती’, की प्रोग्रॅम कधीकधी गडबडतो. सर्वाधिक चुका होतात त्या अर्ध्या ‘ऱ’च्या, म्हणजे ‘पायऱ्या’, ‘चिऱ्यांचे’, ‘दऱ्या’ अशा शब्दांत. आणि बारवांच्या वर्णनात पायऱ्या आणि चिरे नाहीत असे एकही पान नाही.

टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या अण्णांच्या बोटांना रेमिंग्टनची मांडणी पाठ आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कळफलक येतात, म्हणून रेमिंग्टनसाठी वेगळे साधन टाकले आणि जुनाच, कळा झिजलेला कीबोर्ड नव्या संगणकाला जोडला. रोज दुपारी चार वाजता, ऊन उतरल्यावर, ते मूळ पान जुन्या पडद्यावर उघडून वाचतात, मुलगा नव्या पडद्यावर जुळवून पाहतो, आणि चूक सापडली की थांबतात. सेलू आणि मानवत तालुक्यांच्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत. जिंतूरची सहा गावे झाली, उरलेली सुरू आहेत. गंगाखेड आणि पाथरी अजून उघडलेली नाहीत.